काचेवरचा निळा

आवाज मोठा नव्हता. ओल्या फडक्याचा बोळा कुणी काचेवर मारावा तसा, थप्प. मी त्या वेळी पॅलेटवर निळ्यात पांढरा कालवत बसले होते, आणि तो निळा नेहमीसारखाच खडूच्या भुकटीसारखा निस्तेज होत चालला होता. मान वर केली तर काचेला एक इवलंसं पीस चिकटून थरथरत होतं. बाहेर जाऊन पाहिलं. खिडकीखाली फरशीवर खंड्या पडला होता. लहान खंड्या, निळ्या पाठीचा आणि शेंदरी पोटाचा. मान एकीकडे कललेली, चोच किंचित उघडी. मी उकिडवी बसले, पाठीवरचा तो झगझगीत पट्टा आयुष्यात पहिल्यांदाच वीतभर अंतरावरून पाहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "वा!"

आतून आईनं विचारलं, "काय गं, कसलं वा?"

"काही नाही, रंग जमला," मी म्हणाले.

रंग जमला नव्हता. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण पक्षी रंगवायला बसले की ते "वा" अजून कानात वाजतं. हळहळ वाटली नाही असं नाही. वाटली, आणि चांगली दोन दिवस पुरली. पण ती मागून आली. आधी आला तो आनंद, आणि तोही लहान मुलाला हवं ते खेळणं अचानक हातात पडल्यावर होतो तसला, निलाजरा. कारण त्याआधी तीन महिने मी खंड्याच्या मागे हात धुऊन लागले होते. फोटो जमवून झाले होते. फोटोत तो पाठीचा पट्टा एक तर पांढरट जळून जातो, नाहीतर एकसंध निळा ठोकळा होऊन बसतो. ओढ्याकाठी पहाटे जाऊन बसून झालं होतं. तिथे पाण्याच्या अंगालगत एक निळी रेघ सर्रकन जाते आणि आपण वही उघडेपर्यंत संपलेली असते. कंटाळून मी कितीदा तरी पुटपुटले होते, की एकदा हातात मिळाला पाहिजे. मिळाला.

मी त्याला ओंजळीत घेतलं. गरम होता. खरं तर "होती", कारण खालची चोच शेंदरी होती आणि नराची चोच वरून-खालून काळी असते. पण खंड्या म्हटलं की तोंडात "तो"च येतं. वजन असं काही नव्हतंच. या पक्ष्याचं वजन असतं तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे सात-आठ कागदांचं पाकीट. मान बोटावर कुठेही लवत होती, आणि तेवढ्या एका गोष्टीनं मला कळलं की आता काही होणार नाही. तरी अर्धा तास खोक्यात, अंधारात ठेवून पाहिला. काचेवर आपटलेले पक्षी कधी कधी नुसते गुंगतात आणि थोड्या वेळानं उठून उडून जातात. हा उठला नाही. मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडत होते, आणि तो हलतोय का हे बघता बघता त्याचे पायही बघून घेत होते, हेही सांगून टाकते.

पाय लालभडक होते आणि इतके आखूड, की पोटाखाली चिकटवल्यासारखे. पुढच्या तीन बोटांपैकी बाहेरचं आणि मधलं बोट मुळाशी एकमेकांना जोडलेलं होतं. पुस्तकात हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं हातात उतरत नाही. तीन महिने मी खंड्याला चिमणीचे पाय लावत होते! पक्ष्याच्या पायाबाबत आपली समजूत आधीच गोंधळलेली असते. ज्याला आपण उलटा वाकलेला गुडघा म्हणतो तो त्याचा घोटा असतो, आणि खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे एकदा कळलं की बगळ्याची, टिटवीची सगळी जुनी चित्रं काढून बघायला नको वाटतात. पंख उलगडला तेव्हा तर माझी भूगोलाची परीक्षाच झाली. लांब उड्डाणपिसं, त्यांच्यावर कौलांसारखी बसलेली आच्छादनपिसं, खांद्यावरची वेगळी, आणि प्रत्येक गटाची दिशा निराळी. नवशिक्या चित्रकार पक्षी रंगवतो तेव्हा माशाला खवले काढावेत तशी सगळीकडे सारखी पिसं काढतो. मी नवशिकी नाही, पण घाईत असले की मीही खवलेच काढते. एका पिसाचे तंतू मी बोटानं विस्कटले आणि परत टोकाकडे ओढले. आपोआप जुळले, चेन लागावी तसे. तंतूंना बारीक आकडे असतात म्हणून ते होतं. मग तेच पीस काचेसमोर, उजेडाकडे धरलं.

निळा गेला.

पीस मातकट दिसायला लागलं. उजेडाला पाठ देऊन धरलं की निळं, उजेडाकडे तोंड करून धरलं की वाळक्या पानासारखं. खंड्याच्या पाठीत निळं असं रंगद्रव्य नाहीच. पोटाचा शेंदरी खऱ्या रंगद्रव्याचा, पण पाठीचा निळा बांधणीतून येतो. पिसाच्या तंतूत केराटिन नावाच्या प्रथिनाची स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते, तिच्यातल्या पोकळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाच्या असतात. उजेड आत शिरतो, विखुरतो, आणि त्यातला निळा भाग एकमेकाला बळ देत परत बाहेर येतो. पोपटाचा हिरवा म्हणजे तर रंगपेटीतलीच युक्ती आहे. असाच रचनेतून आलेला निळा आणि त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर. खरं हिरवं रंगद्रव्य अंगावर वागवणारे पक्षी विरळाच, त्यातला ठळक म्हणजे आफ्रिकेतला तुराको. हे सगळं मला माहीत होतं, वर्गात शिकवल्यासारखं माहीत होतं, आणि तरी मी तीन महिने नळ्या बदलत बसले होते. कोबाल्ट ब्लू, जो थेनार नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८०२ मध्ये तयार केला. अल्ट्रामरीन, जो आधी लाजवर्द दगड कुटून काढत आणि १८२० च्या दशकापासून कारखान्यात होऊ लागला. थॅलो ब्लू, १९३० च्या दशकातला, राईएवढा घेतला तरी अख्खी पॅलेट निळी करणारा दांडगट. सगळ्यांचं काम एकच, बाकीचे रंग गिळायचे आणि निळा तेवढा सोडायचा. मी गिळणाऱ्या रंगांकडून उजेड परतवणाऱ्या पिसाचं काम करून घ्यायला निघाले होते, आणि जमत नाही म्हणून ब्रशवर चिडत होते.

त्याच दुपारी मी जलरंगात बसले. घाई होती. पक्षी मेला की आधी डोळा जातो. ताठ बुबुळ काही वेळात सुकून आत बसतं. मग चोचीचा आणि पायांचा रंग उतरतो. पिसांचा निळा मात्र तसाच राहतो, वर्षानुवर्षं, कारण उतरायला तिथे रंग नाहीच. म्हणून आधी डोळा. ३०० ग्रॅमचा जाडसर कागद, सात नंबरचा ब्रश, आणि मानेवरचा पांढरा ठिपका न रंगवता सोडून दिलेला. जलरंगाची ही अट मला आवडते आणि छळतेही. पांढरा रंग नसतोच, असतो तो कागद, आणि तो आधीपासून वाचवून ठेवावा लागतो. तेलरंगात पांढरा शेवटी चढवायचा, इथे पहिल्या फटकाऱ्याच्या आधी ठरवायचा. डोळ्यातल्या उजेडाचाही तसाच कण सोडला. ओल्यावर ओला निळा टाकला तेव्हा तो स्वतःच पाठीवरून शेपटीकडे पसरत गेला आणि कडेला जरासा हिरवट होऊन थांबला. ते मी केलेलं नव्हतं. पाण्यानं केलं. पोटाचा शेंदरी मात्र जरा लवकर लावला आणि निळा अजून ओला असताना तो त्याच्यात घुसला. या दोघांचं नातं विचित्र आहे. शेजारी शेजारी ठेवले तर दोघंही पेटून उठतात, आणि मिसळले की राख होते. माझ्या खंड्याच्या कुशीत तशी एक राखाडी जखम झाली. टिपकागदानं उचलून पाहिली. कोबाल्ट उचलला गेला, थॅलो कागदात मुरला होता, तो हलला नाही. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, तेव्हा जखमही थोडी फिकी पडली. अजून आहे.

त्या डोळ्यातल्या कणाबद्दल मी तेव्हा विचार केला नव्हता. नंतर एका रात्री जर्मन चित्रकार ड्यूररचा ससा आठवला. १५०२ मध्ये जलरंगात काढलेला, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात असलेला. त्याच्या डोळ्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब आहे. एवढ्याशा डोळ्यात खिडकीचा गज न् गज. पाहणारे पाचशे वर्षं त्या खिडकीचं कौतुक करताहेत, मीही केलं. मग उठून माझा कागद दिव्याखाली धरला. मी सोडलेला कण चौकोनी होता. टेबल ज्या खिडकीपाशी, तिचाच तो उजेड. म्हणजे ज्या काचेवर तो आपटला, तीच काच मी त्याच्या डोळ्यात ठेवली होती, आणि ती छान बसली होती.

संध्याकाळी मी त्याला कागदात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी आईनं बर्फाचा ट्रे काढायला दार उघडलं. "हा डबा कसला गं?" म्हणाली, आणि मी उठेपर्यंत तिनं तो उघडलाही होता. बराच वेळ काही बोलली नाही. मग झाकण लावलं, डबा होता तिथे ठेवला आणि ट्रे न घेताच दार बंद केलं. मला वाटलं, आता ऐकवेल. नाही ऐकवलं. तिचं गप्प बसणं मी माझ्या सोयीनं समजून घेतलं.

मग मी माझ्यासाठी साक्षीदार गोळा करायला लागले. चित्रकाराला ते सोपं असतं, इतिहासात आपल्यापेक्षा वाईट वागलेला कुणीतरी मिळतोच. अमेरिकेतला पक्षीचित्रकार ऑड्युबन, त्याचं पाहा. त्याला सगळे पक्षी खऱ्या आकाराचे काढायचे होते, त्यासाठी जवळजवळ मीटरभर उंचीचा कागद घेतला, आणि तरी रोहित त्यात मावेना म्हणून त्याची मान खाली वाकवून पाण्याला लावली. १८२७ ते १८३८ या काळात छापलेली ती ४३५ चित्रं पाहताना पक्षी झेपावतात, भांडतात, पिलांना भरवतात. प्रत्यक्षात त्यानं ते बंदुकीनं मारले होते आणि चौकटी आखलेल्या फळीवर तारांनी त्या त्या पवित्र्यात अडकवले होते. त्यानं काढलेलं प्रवासी कबुतर १९१४ मध्ये जगातून संपलं. ते त्याच्यामुळे नव्हे, पण ते चित्र बघताना बंदुकीचा आवाज येतोच. टनिक्लिफ हा चित्रकार त्यापेक्षा माझ्या जवळचा. वेल्सच्या अँगल्सी बेटावर राहायचा. मेलेले सापडलेले पक्षी लोक त्याला आणून देत, तो ते पिसापिसानं मोजून, खऱ्या आकारात कागदावर नोंदवून ठेवी. आणि दुसऱ्या वह्यांत बाहेर पाहिलेले जिवंत पक्षी, भराभर. मोजमाप एका वहीत, हालचाल दुसऱ्या वहीत. त्याच्याकडे पाहून मला जरा बरं वाटलं. डबा डब्यासारखा वाटायला लागला.

पण साक्षीदार बोलावले की उलटतपासणीही होते. इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर विशीतसुद्धा नव्हता, तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन बसायचा. रखवालदार पोपट धरून ठेवी, हा मापं घेई, आणि मग पोपट परत दांडीवर. त्याची ती १८३० च्या सुमाराची चित्रं बघितली की पोपट आपल्याकडे संशयानं बघतो. मेलेल्या पक्ष्यावरून संशय काढता येत नाही. आणि जहांगीर बादशहाच्या दरबारातला चित्रकार मन्सूर. जहांगीरनं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली नाहीत. म्हणून आपण दोन्ही करतो. त्या हुकमातून मन्सूरनं टर्की काढली, सरडा काढला, झेब्रा काढला, आणि सायबेरियन क्रौंच काढला, युरोपातल्या निसर्गशास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं त्याच्या दीडशे वर्षं आधी. डोडोचं १६२५ च्या सुमाराचं जे चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, तेही त्याचंच मानतात. त्या काळच्या युरोपीय चित्रांतला डोडो फुगलेला, बेढब, जवळपास थट्टेचा विषय. हा त्या मानानं सडपातळ, पायांवर नीट उभा, आणि आज अभ्यासक याच चित्रावर जास्त भरवसा ठेवतात. तो डोडो बंदिवान होता, घरापासून कित्येक कोसांवर. पण श्वास घेत होता. चित्रात ते दिसतं. कशात दिसतं हे मला बोट ठेवून सांगता येत नाही, आणि सांगता आलं असतं तर मीही ते केलं असतं.

या सगळ्या विचारांत मी ब्रश धूत होते, आणि साबणाचा फेस करता करता हात थांबला. सात नंबरचा सेबल. कोलिन्स्की. ओला केला की टोक सुईसारखं जुळतं, पोटात पाणी भरपूर राहतं, वीस वर्षं झाली तरी लवचिक. हे केस सायबेरियाच्या बाजूच्या एका विझलच्या शेपटीचे, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी. तो सापळ्यात धरतात. पेटीत तळाशी माझा एक जुना, भरड ब्रशही आहे, राखाडी-तपकिरी पट्ट्यांच्या केसांचा. तो तर मुंगसाचाच. मुंगूस कुणी पाळून कापत नाही. असे कितीतरी प्राणी हातात धरून मी वन्यप्राण्यांची चित्रं काढत आले, आणि एका खंड्याच्या "वा"नं माझी झोप उडावी! हे मी स्वतःला दिलासा म्हणून सांगत होते की दोष म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. आता कृत्रिम केसांचे ब्रश घेते. पाणी कमी धरतात, टोक लवकर फुटतं. जुना सेबल मात्र टाकला नाही. टाकून काय होणार, असं म्हणते आणि वापरते.

तिसऱ्या दिवशी मी खंड्याला ओढ्याकाठी पुरला. फ्रीजरमधून काढल्यावर त्याचा डोळा आत गेला होता, पाय मळकट तपकिरी पडले होते. पाठ अजून तशीच, मातीत ठेवतानाही पेटलेली. एकही पीस काढून घेतलं नाही. फार मोह झाला.

तेलरंगातला खंड्या त्यानंतरचा, नोंदी आणि जलरंग समोर ठेवून केलेला. तेलात मला सगळ्यात जास्त वेळ मिळतो आणि म्हणून सगळ्यात जास्त चुका करता येतात. तेलरंग वाळतो म्हणजे काही उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं, वाळताना त्याचं वजन उलट वाढतं. जवसाचं तेल पुढे पिवळं पडतं, म्हणून पांढरा आणि निळा पुष्कळदा करडईच्या नाहीतर खसखशीच्या तेलात घोटलेला असतो. पिवळेपणा कमी, पण वाळायला जास्त दिवस. या वेळी मी निळ्यात पांढरा कालवलाच नाही. पाठीचा पट्टा आधी निव्वळ पांढऱ्यात, जाडसर, पिसांच्या दिशेनं ब्रश ओढत रंगवला आणि आठवडाभर वाळू दिला. पांढऱ्या पाठीचा खंड्या भिंतीला टेकून उभा. मग त्यावर थॅलो, तेलात इतका पातळ केलेला की काचेवरच्या वाफेसारखा, एकच थर. उजेड निळ्यातून आत जातो, पांढऱ्यावर आपटतो, निळ्यातूनच परत येतो. मी दोन पावलं मागे गेले. पट्टा पेटला होता. पिसाची युक्ती ही नव्हे, पण दोघांमध्ये उजेडाला आत जाऊन परत यावं लागतं, एवढी तरी ओळख निघाली. अळशीचा तो कडवट वास खोलीत भरलेला आणि मी एकटीच हसतेय. या वेळी "वा" म्हणायला हरकत नव्हती. म्हटलं नाही.

अ‍ॅक्रिलिकवर माझा जीव नाही, हे आधीच कबूल करते. दहा-पंधरा मिनिटांत वाळतं, वाळल्यावर गडद होतं, कारण रंगाला बांधून ठेवणारा, ओलं असताना दुधाळ दिसणारा चिकट द्रव वाळला की पारदर्शक होतो. म्हणजे जलरंगाच्या बरोबर उलट. एका हाताला दोन्हींची सवय लावणं म्हणजे दोन घड्याळं बांधून फिरणं. फोन आला म्हणून ब्रश विसरलात तर परत येईपर्यंत त्याची काडी झालेली असते. पण केस रंगवायचे असतील, कोल्ह्याचे, सांबराचे, तर अ‍ॅक्रिलिकला तोड नाही. थरावर थर, बारीक रेघेवर बारीक रेघ, खालची रेघ वरच्या रेघेत कालवत नाही. कॅनडाचा रॉबर्ट बेटमन असली चित्रं कित्येक वर्षं अ‍ॅक्रिलिकमध्ये करत आला, ती पाहिल्यावर माझी तक्रार हाताची आहे की रंगाची हे उघड होतं. माझा तिसरा खंड्या अ‍ॅक्रिलिकचा. पीस न् पीस बरोबर, बोटं जोडलेली, चोचीखालचा शेंदरी नेमका. आईनं तो चष्मा लावून पाहिला. "छान आहे," म्हणाली. "पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा बसलाय."

बरोबर होतं तिचं. तिन्ही चित्रांत पक्षी होता, मागे काहीच नव्हतं. कोऱ्या जागेत मधोमध, ओळखपरेडला उभा केल्यासारखा. स्वीडनच्या लिलिएफोर्सची तेलचित्रं मला त्यानंतर वेगळी दिसायला लागली. त्याचा ससा बर्फात असा मुरलेला असतो की आधी बर्फ दिसतं, मग बर्फाला कान फुटतात. त्यानंही कोल्हे, ससे, गरुड पाळून त्यांची निरीक्षणं केली, शिकारही केली. तो काही संत नव्हता. पण त्याचा प्राणी जागेशिवाय सुटा निघत नाही. माझ्या खंड्याला ओढाच नव्हता. कसा असणार? मी त्याला फरशीवर पाहिला होता.

म्हणून पुन्हा ओढ्यावर जायला लागले. पेन्सिल आणि हातात मावेल एवढी वही, बाकी काही नाही. त्या वहीत आता पन्नासेक पानं आहेत आणि एकाही पानावर पुरा खंड्या नाही. एक पाठ आणि तिच्यापुढे भरकटलेली चोच. मान आत ओढलेला एक गोळा. तीन पानांवर नुसती फांदी, जी तो उडाल्यावर हलत राहिली ती. पक्ष्याचा डोळा खोबणीत फारसा फिरत नाही म्हणून तो सारखी मान हलवतो, खाली-वर, खाली-वर, पाण्यातल्या माशाचं अंतर मोजत, आणि आपली पेन्सिल दर वेळी आधीच्या मानेवर असते. पण एक कळलं. झेपेच्या आधी तो क्षणभर बारीक होतो. अंगाची पिसं घट्ट आवळून घेतो, गोलमटोल पक्षी एकदम सुरीसारखा होतो, आणि मगच सुटतो. माझ्या ओंजळीतल्या खंड्याची पिसं सैल होती, मी तीच सैल पिसं तिन्ही चित्रांत अगदी मन लावून रंगवली होती.

खिडकीचं काय करायचं हे मी लांबवत राहिले. काचेत आभाळ आणि झाडं दिसतात, पक्ष्याला ती खरी वाटतात, हे माहीत होतं. एकट्या अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आपटून वर्षाला ३६ कोटींपासून ९८ कोटींपर्यंत पक्षी मरतात, असा २०१४ मधला अंदाज आहे, हेही वाचलेलं होतं. पण त्या खिडकीचा उजेड उत्तरेचा, दिवसभर सारखा, आणि चित्रकाराला तसला उजेड सोडवत नाही. शेवटी पांढऱ्या चिकटपट्ट्या आणल्या. त्या काचेच्या बाहेरच्या बाजूनं लावाव्या लागतात, आतून लावल्या तर काचेतलं आभाळ तसंच राहतं, आणि दोन पट्ट्यांत चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही. मी स्टुलावर चढले, आई खाली रीळ आणि कात्री घेऊन उभी राहिली. पाच-सहा पट्ट्या झाल्यावर तिनं विचारलं, "त्या दिवशी 'वा' म्हणालीस, ते त्यालाच ना?"

मी काचेकडेच बघत हो म्हणाले.

"मग मला हाक मारायचीस की," ती म्हणाली. "गरम होता तेव्हा. माझ्या वाट्याला आला तो बर्फातला. डोळाच नव्हता त्याला."

मी काही बोलले नाही. तिनं पुढची पट्टी कापून वर धरली. काच पुरी व्हायला संध्याकाळ झाली, वरचा एक कोपरा हात पोचेना म्हणून तसाच राहिला. आता टेबलावर उजेड उभ्या रेघांनी कापलेला येतो, वहीच्या पानासारखा. पट्टी पडलेल्या भागात निळा एक दिसतो, फटीत दुसरा, आणि पॅलेट जरा सरकवली की दोघं जागा बदलतात. परवा हळद्या करायला घेतलाय. पिवळ्याचं काही बिघडत नाही त्या उजेडात. डोळा अजून काढलेला नाही.